मोशीतला समुद्र

मोशीत समुद्र होता. चौथ्या मजल्यावर, दोन बेडरूमच्या फ्लॅटमधल्या आतल्या खोलीत. हे मी कंपनीत सांगितलं तेव्हा लोकांनी आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग माझ्या डब्याकडे पाहिलं. ह्याची बायको ह्याला काय खायला घालते, असा तो कटाक्ष होता. पण समुद्र होता. त्याला भरती-ओहोटी होती, दिवसातून दोनदा, पंपाने. त्याला वास होता. त्याला मालकीणही होती, आणि तीच आमची घरमालकीण होती.

सगळे त्यांना बाई म्हणत. प्राणिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका, मूळच्या देवगडकडच्या, एकट्या. चौथ्या मजल्यावर त्यांचे समोरासमोर दोन फ्लॅट होते. एकात त्या आणि त्यांच्या समुद्री गोगलगाई राहत, दुसऱ्यात भाडेकरू म्हणून मी आणि माझी बायको.

फ्लॅट पाहायला गेलो तेव्हा बाईंनी आमचं आधार कार्ड मागितलं नाही, कंपनीचं पत्र मागितलं नाही. त्या माझ्या बायकोच्या अगदी जवळ आल्या, चष्मा कपाळावर सरकवला आणि तिच्या डोळ्यांकडे एकटक पाहत राहिल्या. बायको हळूहळू माझ्या पाठीमागे सरकली.

"लांब आहेत," बाई म्हणाल्या. "टोकाला छान निमुळते होतात. खोटे नाहीत ना?"

"काय?"

"पापण्यांचे केस."

"माझेच आहेत!" बायको म्हणाली. जरा रागानेच.

"मग राहा तुम्ही. अधूनमधून एखादा लागेल मला." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही काय करता?"

"चाकणला आहे. क्वालिटी इन्स्पेक्टर. गाड्यांचे पार्ट तपासतो."

"तपासून काय करता?"

"चांगले-वाईट वेगळे करतो."

"अरे बापरे," बाई म्हणाल्या, "फार मोठं काम आहे तुमचं." त्या दिवसापासून त्यांनी मला नावाने हाक मारली नाही. मी इन्स्पेक्टर झालो.

जिना उतरताना बायको म्हणाली, "अहो, ही बाई करणी करते." मी म्हणालो, "पाणी चोवीस तास आहे." मोशीत तेव्हा चोवीस तास पाणी ही करणी चालवून घेण्याइतकी मोठी गोष्ट होती.

पापणीच्या केसाचं रहस्य आठवड्याभरात उलगडलं. बाई दात कोरायच्या काडीच्या टोकाला तो केस डिंकाने चिकटवत आणि सूक्ष्मदर्शकाखाली गोगलगायीची अंडी त्याने इकडून तिकडे ढकलत. अंडं कसलं, रव्याच्या कणाहून लहान. त्याला चिमटा लावला तर ते फुटतं, ब्रश लावला तर चिकटतं. जगातल्या मोठमोठ्या प्रयोगशाळांतही पापणीचाच केस वापरतात, असं त्या सांगत. त्यांच्या स्वतःच्या पापण्या वयामुळे विरळ झाल्या होत्या. मग त्या बाहेर पडत तेव्हा लोकांच्या डोळ्यांकडे बघत राहत. भाजीवाल्याच्या पापण्या उत्तम आहेत पण तो देत नाही, ही त्यांची जुनी तक्रार होती.

आमच्या भाडेकरारात दोन अटी हाताने लिहिलेल्या होत्या. दारात उदबत्ती लावायची नाही. मच्छर अगरबत्ती तर नाहीच नाही. जिना पुसताना फिनेल चौथ्या मजल्याच्या खालीच थांबवायचं. महापालिकेचा धुराचं मशीन घेऊन फिरणारा माणूस सोसायटीत आला की बाई पदर खोचून तिसऱ्या मजल्याच्या वळणावर उभ्या राहत. (दोन अटी म्हटलं आणि तीन सांगितल्या. तिसरी त्यांनी नंतर समासात घुसवली होती.)

वासावरून सोसायटीच्या सेक्रेटरीशी त्यांचं झालेलं भांडण मी दार किलकिलं करून पूर्ण ऐकलं आहे. सेक्रेटरी मूळ मोशीचेच. ज्या जमिनीवर ही इमारत उभी होती तिथे त्यांच्या वडलांनी ज्वारी काढली होती.

"बाई, जिन्यात मासळीचा वास येतुय. लोकं कंप्लेंट करत्यात."

"मासळीचा नाही तो. चिखलाचा आहे."

"आता आमाला चिखल सांगता व्हय? आमी इंद्रायणीच्या काठचं."

"तुमचा गोडा चिखल. हा खारा."

सेक्रेटरींनी दारातून आत डोकावलं. मग म्हणाले, "मंग आत येऊन बघू का?" आत गेले ते तासाभराने बाहेर आले. त्यानंतर तक्रार आली नाही. कोणी विचारलं तर ते गंभीरपणे सांगत, "मासळी न्हाई, खारा चिखल हाय त्यो." जणू हा आजार असून त्यावर इलाज नाही.

पाणी अलिबागकडून येई. पिंपरीच्या बाजारात मासे आणणारा टेम्पोवाला पहाटे परत जाताना वाट वाकडी करून दोन कॅन ठेवून जात असे. कॅनवर बाईंनी लाल रंगाने 'पिऊ नये' असं लिहून ठेवलं होतं. पिणार कोण, असं मी विचारलं. "तुम्ही नाही पिणार," त्या म्हणाल्या, "पण शिकलेली माणसं काहीही करतात."

गोगलगाई काचेच्या टाकीत असत. करंगळीच्या पेराएवढ्या, मातकट. बघण्यासारखं त्यांच्यात काही नव्हतं आणि बाई तासन्‌तास बघत. रागावल्या की "मेल्यांनो" म्हणत, खूश असल्या तरी "मेल्यांनो"च म्हणत. माद्या काचेवर अंड्यांच्या पारदर्शक पिशव्या चिकटवत. ती पिशवी ब्लेडने उघडली की आतून पन्नास-साठ कण बाहेर येत, आणि मग बाई जेवत नसत.

मला हे सगळं कळावं असं त्यांना फार वाटे. एका रविवारी मी चाकणच्या बाजारातून पिशवीभर कांदे घेऊन जिना चढत होतो. बाईंनी मला दारातच अडवून पिशवी टेबलावर ओतली. चार मोठे कांदे एकमेकांना चिकटवून ठेवले.

"एका अंड्याचे दोन, दोनाचे चार. इथपर्यंत सोपं आहे. आता बघा." त्यांनी चार छोटे कांदे निवडले आणि वर ठेवले, पण मोठ्यांच्या डोक्यावर नाही, त्यांच्या मधल्या खाचांत. सगळा मनोरा जरा पिळल्यासारखा दिसू लागला. "पीळ इथे पडतो. शंख व्हायला अजून कितीतरी दिवस आहेत."

"ड्रॉइंग कुठं आहे?" मी विचारलं.

"कसलं ड्रॉइंग?"

"ह्या पार्टचं. आमच्याकडे साधा वॉशर असला तरी ड्रॉइंग असतं. त्याशिवाय मशीन सुरू करत नाहीत."

बाईंच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की मी काहीतरी हुशारीचं बोललो असणार असं मला वाटलं. "ड्रॉइंग नाही!" त्या म्हणाल्या. "कुठेच नाही. प्रत्येक पेशीत जनुकं मात्र सगळी आहेत, सगळ्यांकडे तीच. काही जनुकं माल बनवतात. शंखाचा माल, स्नायूंचा माल. आणि काही जनुकं स्वतः काहीच बनवत नाहीत. ती फक्त दुसऱ्या जनुकांना सांगतात, तू सुरू हो, तू बंद हो. ती नियामक जनुकं."

"म्हणजे सुपरवायझर."

"सुपरवायझर. पण शेवटी काय बनणार आहे हे त्यालाही माहीत नसतं. वरून निरोप आला की तो पुढच्याला हुकूम देतो. एवढंच."

"आमच्या कंपनीतही असंच आहे," मी म्हणालो.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी चार मोठ्या कांद्यांपैकी सर्वांत मोठा बोटाने दाबला. "ही पेशी. ह्या चौघींत हीच ठरवते. हिच्याकडून निरोप निघतो, मग बाकीच्यांमधली नियामक जनुकं जागी होतात आणि कळतं की शंख कुठे, पाय कुठे, डोळे कुठे. हे माझं म्हणणं आहे. तीस वर्षं मी वर्गात हेच शिकवलं. आमच्या ह्या गोगलगायीत मात्र ते कुणी करून पाहिलेलं नाही. आता ही पेशी जर काढून टाकली, तर—"

"अहो!" दारात बायको उभी होती. "कुकर लावलाय मी. कांदे कुठायत?"

बाईंनी बाकीचे सगळे कांदे परत केले आणि सर्वांत मोठा ठेवून घेतला. मी बायकोमागोमाग घरी गेलो. पेशी काढून टाकली तर काय, हे वाक्य पूर्ण ऐकायचं राहून गेलं. पुढे जे घडलं ते ह्यामुळे. बायकोला हे मान्य नाही.

बाईंच्या हाताबद्दल सांगायला हवं. त्यांचा उजवा हात थरथरायचा. चहाचा कप बशीवर वाजे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या आणि हे वाढत जाणार असंही सांगितलं होतं. सकाळी उठल्या उठल्या तासभर हात शांत असे, तेवढ्यात त्या शस्त्रक्रिया करत. डाव्या हातात पापणीचा केस, उजव्यात काचेची सुई, श्वास रोखून. एका सकाळी तीन अंडी, चार अंडी. कधी एकही नाही. त्यांची एक जुनी विद्यार्थिनी पुण्यातल्या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ होती. तिने कबूल केलं होतं की बाई, तुम्ही शस्त्रक्रिया केलेले गर्भ औषधात थिजवून आणून द्या, मी त्यांना रंग लावून देते. शंखाचं नियामक जनुक जिथे चालू असेल तिथे निळं होतं. मोठ्या पेशीवाचून निळं झालं नाही, तर बाईंचं म्हणणं खरं, हे मला नंतर कळलं. ही विद्यार्थिनी पावसाळ्याआधी परदेशी जाणार होती आणि गोगलगाई उन्हाळा लागला की अंडी घालणं बंद करत.

"पुढच्या हंगामात करा की," मी एकदा म्हणालो होतो.

बाईंनी उजवा हात माझ्यासमोर धरला.

त्या हिवाळ्यात त्यांनी बऱ्याच शस्त्रक्रिया केल्या. मग अचानक देवगडहून फोन आला. धाकटी बहीण विहिरीजवळ घसरून पडली होती, मांडीचं हाड मोडलं होतं. बाईंना चार दिवस जाणं भाग होतं. टेबलावर नऊ काचेच्या बशा होत्या आणि त्यांत गर्भ वाढत होते. थिजवायला अजून पाच दिवस हवे होते.

"इन्स्पेक्टर, तुमच्यावर सोपवते," त्या म्हणाल्या. माझी छाती फुगली. "सकाळ-संध्याकाळ पाणी बदलायचं. झाकण ठेवायचं. मेलेले काढायचे, नाहीतर पाणी नासतं. पांढरं पडलेलं, फुटलेलं, ते मेलेलं. कळेल तुम्हाला. डोळा आहे तुमच्याकडे."

बशांवर फक्त आकडे होते. कोणत्या बशीतले शस्त्रक्रियेचे आणि कोणत्या बशीतले साधे, हे वहीत होतं आणि वही कपाटात कुलपात. मला आधीच माहीत असलं तर मला हवं तेच दिसेल, असं बाईंचं म्हणणं होतं. त्यांचा स्वतःच्या डोळ्यांवरही विश्वास नव्हता. माझ्यावर होता.

मी कामाला लागलो. दोन दिवस रजा टाकली, बायकोला सांगितलं की कंपनी बंद आहे. पहिल्या दिवशी कणच दिसले. तिसऱ्या दिवशी दिसू लागलं ते अद्‌भुत होतं. छोटीशी पारदर्शक गोगलगाय, दोन काळे डोळे, पाठीवर काचेसारखा शंख, पुढे दोन फिरणाऱ्या झालरी, आणि ती पोहते आहे. एकामागून एक, सगळ्या सारख्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतका एकसारखा लॉट मी कंपनीत कधी पाहिला नव्हता.

मग मी दुसऱ्या क्रमांकाची बशी सरकवली.

तिथे एकाला डोळे नव्हते. दुसऱ्याला शंख नव्हता, नुसता गोळा, जागच्या जागी गरगर फिरत होता. तिसरा एका अंगाने फुगला होता. अख्ख्या बशीत एक धड नाही. पाचव्या क्रमांकाची बशी, तेच. नऊपैकी पाच बशा अशा.

बाई अंड्यांवर सुईने काहीतरी नाजूक शस्त्रक्रिया करतात एवढं मला माहीत होतं. पण शस्त्रक्रिया बिघडवण्यासाठीही करतात हे माझ्या डोक्यात येणं शक्य नव्हतं. पंधरा वर्षं मी बिघाड शोधून काढण्याचा पगार घेत होतो. मला एकच कळलं, की माझ्या हातात दिलेल्या मालात बिघाड शिरला आहे आणि तो पसरण्याआधी बाहेर काढला पाहिजे. खोक्यात एक पार्ट वाईट निघाला तर गिऱ्हाईक अख्खं खोकं परत पाठवतं. बाई बहिणीच्या दुखण्याने दमून परत येणार, त्यांच्यासमोर शंभर टक्के चांगला माल ठेवायचा, असं मी ठरवलं.

काम मी नियमाने केलं. वाईट माल फेकायचा नसतो. तो लाल डब्यात ठेवायचा, चिठ्ठी लावायची, वरिष्ठांचा निर्णय येईपर्यंत थांबायचं. घरात लाल झाकणाचा एक डबा होता, त्यातले शेंगदाणे काढले, डबा घासला. पापणीच्या केसाने, ड्रॉपरने, एकेक करून सगळे बिघडलेले गर्भ त्यात ठेवले. त्रेचाळीस. चिठ्ठीवर आकडा, तारीख, वेळ, माझी सही. डब्यात पाणी घातलं ते नळाचं. समुद्राचं पाणी अलिबागहून येतं, रिजेक्ट मालासाठी ते कशाला वाया घालवायचं? रिकाम्या झालेल्या पाच बशा धुतल्या, पुसल्या आणि कागदावर पालथ्या घातल्या.

बाई मंगळवारी दुपारी आल्या. पिशवी खाली न ठेवताच आतल्या खोलीत गेल्या. मी मागे उभा होतो, कौतुकाची वाट पाहत.

त्यांनी पालथ्या बशा पाहिल्या.

"एकही रिजेक्शन नाही, बाई," मी म्हणालो. "राहिलेत ते सगळे एक नंबर."

"बाकीचे?"

मी लाल झाकणाचा डबा पुढे केला. त्यांनी चिठ्ठी वाचली. झाकण उघडलं. आत पाणी होतं आणि तळाला थोडं धुरकट काहीतरी.

"पाणी कुठलं?"

"नळाचं."

"गोडं पाणी त्यांच्यात शिरतं," बाई म्हणाल्या. "फुगतात आणि फुटतात. मिनिटभरात." त्या स्टुलावर बसल्या. डबा मांडीवर होता आणि हाताबरोबर तोही थरथरत होता. "इन्स्पेक्टर, हेच हवे होते मला. ज्यांची पेशी काढली ते हेच."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "फार स्वच्छ काम केलंत तुम्ही," आणि त्यात टोमणा नव्हता. मग त्यांनी मला घरी जायला सांगितलं.

दोन दिवस दार बंद होतं. टेम्पोवाला कॅन दाराबाहेर ठेवून गेला, ते तसेच राहिले. मी जेवत नव्हतो. बायको म्हणाली, "मेलेले काढा म्हणाल्या होत्या ना? मग जिवंत कशाला काढलेत?"

"वाईट होते ते."

"पोहत होते ना?"

"गरगर फिरत होते."

"म्हणजे जिवंतच की हो," ती म्हणाली. "तुम्हाला चांगलं-वाईट कळतं. जिवंत-मेलेलं मला विचारत जा."

गुरुवारी, कंपनीच्या सुट्टीच्या दिवशी, बायकोने मला समोरच्या दारात नेऊन उभं केलं आणि बेल वाजवली. बाईंनी दार उघडलं. मी दोन दिवस पाठ केलेलं माफीचं भाषण विसरलो.

"गोगलगाई अजून अंडी घालतायत का?" असं काहीतरी विचारलं.

"घालतायत. माझा हात सकाळीसुद्धा ठरत नाही आता. चार दिवस रुग्णालयात जागले, तेव्हापासून."

"त्यांचे हात ठरतात," बायको म्हणाली. "बाकी काही नाही, पण हात ठरतात. सुईत दोरा तेच ओवतात आमच्याकडे."

बाईंनी मला हात पुढे करायला सांगितला. माझ्या बोटांवर एक कोरा कागद ठेवला आणि कडेने पाहत राहिल्या. कागद हलला नाही. दिवसभर मायक्रोमीटर धरणारा हात आहे.

"बसा," त्या म्हणाल्या. "आता जे करायचं ते बिघडवायचं आहे. जमेल?"

मला जमलं नाही. पहिल्या आठवड्यात मी साठेक अंडी मारली. दुसऱ्या आठवड्यात त्याहून जास्त. ती मोठी पेशी ठरावीक वेळेलाच हाती लागते, तासभरात संधी जाते. कधी पहाटे चारला, कधी माझी शिफ्ट सुरू व्हायच्या वेळेला. माझ्या सगळ्या रजा संपल्या. मी सूक्ष्मदर्शकात बघायचो आणि बाई बाजूला बसून छोट्या पडद्यावर तेच चित्र बघायच्या. एरवी मला अहो-जाहो करणाऱ्या बाई सुई हातात आली की एकेरीवर येत. "थांब. थांब म्हटलं ना, मेल्या! अजून जोडलेली आहे ती. केसाने धर. आता हळूच टोच. शाब्बास. सुई मागे घे. श्वास घे, मरशील."

सुई खाली ठेवली की, "चहा घेणार का तुम्ही?"

मार्च संपता संपता माझ्या हातून बारा गर्भ नीट बिघडले. आठव्या दिवशी ते पाहिले. एकालाही डोळे नव्हते. मी चांगला माल ओळखावा तसा त्यांच्याकडे पाहत होतो. बायकोने येऊन भिंगातून पाहिलं आणि म्हणाली, "बिचारे."

बाराच्या बारा आणि सोबत साधे बारा, असे औषधात थिजवून, बर्फाच्या पिशवीत घालून, ती पिशवी डब्याच्या पिशवीत ठेवून मी दुचाकीवरून पुण्याला पोचवले. नाशिक फाट्यापर्यंत मी एकही खड्डा चुकवायचा सोडला नाही. विद्यार्थिनीने पिशवी घेतली, बर्फ वितळलेला नाही हे पाहिलं आणि म्हणाली, "बाई कशा आहेत?" मी म्हणालो, "वाट बघतायत."

फोन आला तेव्हा एप्रिल निम्मा संपला होता. बाईंनी मला आणि बायकोला बोलावून घेतलं आणि फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

"बाई," विद्यार्थिनी म्हणाली, "नऊमध्ये निळं आहे."

"साध्या बारांपैकी?"

"नाही बाई. साधे सगळे निळे आहेत. शस्त्रक्रियेच्या बारापैकी नऊमध्ये. भलत्या जागी आहे, लहान आहे, पण आहे. ती पेशी नसतानाही जनुक चालू होतंय."

खोलीत पंपाचा आवाज येत होता. बाईंचं म्हणणं चुकलं होतं, एवढं मलाही कळलं. तीस वर्षांचं म्हणणं. मी बायकोकडे पाहिलं, बायकोने माझ्याकडे. बाई फोनकडे वाकल्या.

"भलत्या जागी म्हणजे कुठे?"

"खालच्या अंगाला."

"नऊच्या नऊंमध्ये खालच्याच अंगाला?"

"सातात. दोनांत बाजूला."

"अगं, मग निरोप दुसरीकडूनही येतोय!" बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पंचविशीतल्या मुलीसारखा चढला. "तीस वर्षं एवढ्या पोरांना मी चुकीचं शिकवलं की गं! तूसुद्धा त्यांतलीच."

"हो बाई. तुम्ही मला त्यात पैकीच्या पैकी दिले होते."

"काढून घेते," बाई म्हणाल्या, आणि दोघी पाच मिनिटं हसत होत्या. मला त्यातलं फार कळलं नाही. बायको मात्र डोळे पुसत होती.

मग विद्यार्थिनी म्हणाली की ती हे लिहून काढते, बारा शस्त्रक्रियेचे, बारा साधे. छोटासा लेख होईल.

"आणि पहिले त्रेचाळीस," बाई म्हणाल्या.

"ते कशाला, बाई? त्यांचा रंग पाहिलेला नाही. ते निकालात येतच नाहीत."

"निकालात नको. पण ते होते. मी पेशी काढल्या, ते वाढले, जगले. मग काढून टाकले गेले. हे लिहायला हवं."

"बाई, लोक काय म्हणतील?"

"लोकांनी पुढच्या वेळी आपल्या इन्स्पेक्टरवर लक्ष ठेवावं असं म्हणतील."

विद्यार्थिनीने मोठा श्वास सोडलेला ऐकू आला. "ठीक आहे. काढून टाकण्याचं कारण काय लिहू?"

आता तिघी माझ्या उत्तराची वाट पाहत होत्या, एक फोनमध्ये आणि दोन समोर. माझ्याकडे कारणं तयार होती. प्रादुर्भाव रोखणे. नियमानुसार विलगीकरण. कंपनीत अशी कारणं मी दिवसाला दहा लिहितो आणि ती सगळी मंजूर होतात.

"दिसायला बरोबर नव्हते," मी म्हणालो. "म्हणून."

पलीकडे टाइप केल्याचा आवाज आला.

छापलेला लेख पोस्टाने आला तेव्हा पाऊस संपत आला होता. इंग्रजीत आहे. माझं ते वाक्य त्यात फार भारदस्त दिसतं, मला दोनदा शब्दकोश उघडावा लागला. बाईंनी निकालाचं पान आधी मागितलं नाही. आधी ती ओळ दाखवा म्हणाल्या. मी कागद टेबलावर पसरला. आकडा नीट छापलाय का ते त्यांना बोट ठेवून पाहायचं होतं. पण बोट थरथरत होतं, एका ओळीवर टेकत नव्हतं, कधी वरच्या ओळीवर जाई, कधी खालच्या. तेव्हा मी त्यांचं बोट तसंच राहू दिलं आणि कागद हळूहळू सरकवत राहिलो, त्रेचाळीस त्याच्याखाली येईपर्यंत.